उत्तराची पताका

आमच्या सोसायटीत नवीन कुणी राहायला आलं की दोन गोष्टी विचारतं. पहिली, चिखलोलीचं स्टेशन कधी होणार. दुसरी, सी विंगच्या सातव्या मजल्यावर ते रंगीबेरंगी कापड कसलं लटकतं. पहिलीचं उत्तर कुणाकडेच नाही. दुसरीचं माझ्याकडे आहे, कारण ते कापड मी शिवलेलं आहे आणि ते लटकवणारा म्हातारा माझा बाप आहे.

बाबा नौदलात सिग्नलमन होते. आपल्या जहाजाच्या डोलकाठीवर बावटे चढवायचे आणि दुसऱ्या जहाजाने चढवलेले वाचायचे, हे त्यांचं काम. रेडिओ असतानाही ते लागतं, कारण रेडिओवरचं बोलणं वाटेत कुणीही ऐकतं. बावटा ज्याला दिसतो त्यालाच कळतो. लहानपणी हे सगळं मला नीट सांगता यायचं नाही. वर्गातल्या बाकीच्या मुलींचे वडील शहाडला नाहीतर अंबरनाथला कारखान्यात जायचे. माझे वडील काय करतात असं विचारल्यावर मी हातवारे करून दाखवलं, तेव्हा एकजण म्हणाली, "म्हणजे कपडे वाळत घालतात." मी तिची वेणी ओढली. राग माझ्या नाकावर आजही असतो, पण त्याची सुरुवात बहुतेक तिथली.

निवृत्तीनंतर बाबा-आई अंबरनाथच्या जुन्या घरात राहिले. मग चिखलोलीत या इमारती उठल्या आणि आम्ही समोरासमोर दोन फ्लॅट घेतले. माझा ए विंगमध्ये पाचव्या मजल्यावर, त्यांचा सी विंगमध्ये सातव्या. मधे पार्किंग आणि एक बाग, जिला बाग म्हणायला बिल्डरचंच काळीज हवं. माझ्या गॅलरीतून त्यांची गॅलरी सरळ दिसते. आई तिथून हात हलवायची, मी इथून हलवायचे, आणि दोघी आपापल्या कामाला लागायचो.

आई दोन वर्षांमागे गेली. दुपारी जेवून झोपली ती उठलीच नाही. बाबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते आणि मी अंबरनाथच्या एमआयडीसीत, कारखान्याच्या स्टोअरमध्ये, खोक्यांच्या मागे होते. तिला काही त्रास झाला का, तिने हाक मारली का, हे कधीच कळणार नाही. मारली असती तरी बाबांना ऐकू आली नसती. त्यांचे कान केव्हाच गेलेत. तोफांच्या आवाजाने गेले की वयाने, यावर त्यांचं आणि डॉक्टरांचं अजून एकमत नाही. कानाचं मशीन आहे, चांगलं आहे, पण ते आईच्या सुपारीच्या डबीत पडलेलं असतं. "त्याने माणसाचं बोलणं येत नाही, नुसता कालवा येतो," असं म्हणून त्यांनी ते एकदा डबीत ठेवलं, ते ठेवलं.

फोनचीही तीच गत. फोन वाजताना दिवा लुकलुकतो, तो दिसला तर उचलतात, "मी बरा आहे, जेवलो, ठेवतो," म्हणतात आणि ठेवतात. पलीकडे कोण आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. क्रेडिट कार्ड विकणाऱ्या एका मुलीलाही आपण जेवलो असल्याचं त्यांनी प्रेमाने सांगितलं होतं. समोर उभं राहून सावकाश बोललं की ओठांवरून त्यांना बरंच कळतं. मात्र बोलणं नकोसं झालं की ते नजर फिरवतात. मग बसा भिंतीशी बोलत.

आई गेल्यानंतर मला दुपार आवडेनाशी झाली. जेवणाच्या सुट्टीनंतर मी सारखी घड्याळ बघायला लागायचे. सकाळी कामावर जाताना मी बाबांकडे डोकवायचे, आल्यावर डोकवायचे, रात्री डबा घेऊन जायचे, झोपण्याआधी परत. माझ्याकडे चावी होती. एकदा दार उघडून आत गेले, तर ते आंघोळीनंतर पंचा गुंडाळून उभे. "तू माझी मुलगी आहेस की जेलर?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तुमचं तोंड दिसलं की मला बरं वाटतं." ते म्हणाले, "तोंडच बघायचंय ना? त्याला आत कशाला यायला हवं? समुद्रात मैलभरावरच्या जहाजाची ख्यालीखुशाली आम्ही विचारायचो. तू तर शंभर पावलांवर आहेस."

असे आमच्या घरात बावटे आले.

कापड घ्यायला उल्हासनगरला गेलो. तिथल्या कटपीसच्या दुकानात मिळत नाही असा रंग देवाने अजून काढलेला नाही. बाबांनी लाल, पांढरा, पिवळा, निळा आणि काळा असे पाच रंग निवडले, प्रत्येक तागा उजेडात धरून. दुकानदार सिंधी, आमच्या आईच्या ओळखीचा. त्याने कापता कापता विचारलं, "अंकल, कौन सी पार्टी का झंडा है? इलेक्शन तो अभी दूर है." बाबांनी त्याच्या ओठांवरून वाचलं आणि म्हणाले, "पार्टी का नहीं, साईं. समंदर का है." दुकानदाराने आमच्याकडे जरा काळजीने पाहिलं आणि कापड मात्र चोख मोजून दिलं.

शिवले मी, आईच्या मशीनवर. बाबा शेजारी स्टूल टाकून बसायचे. बावटा दोन्ही बाजूंनी सारखा दिसला पाहिजे, मागे शिवण चुरगळता कामा नये, वाऱ्यात फडफडून कोपरा उसवता कामा नये. माझ्या जन्मात मी कुठल्या ब्लाउजसाठी एवढं ऐकून घेतलं नव्हतं. पण आई गेल्यानंतर ते मशीन पहिल्यांदाच चालत होतं, आणि त्याचा आवाज बाबांना ऐकू येत नसला तरी टेबलाचं थरथरणं तळहाताला कळत होतं. ते टेबलावर हात ठेवून बसत. मी शिवत राहिले.

दोन्ही गॅलऱ्यांच्या कोपऱ्यात बाबांनी एकेक उभी काठी बांधली. कपडे वाळत घालायच्या दांडीला जी पुली आणि दोरी असते, तीच काढून काठीच्या टोकाला लावली. माझ्या नवऱ्याने विचारलं, "मग कपडे कुठे वाळवायचे?" त्यावर आम्ही बापलेक दोरी ओढून पुली नीट फिरते का ते बघायला लागलो.

प्रत्येक बावट्याला एक अक्षर असतं आणि एकटा चढवला तर एक पुरं वाक्य. सगळ्या जगातली जहाजं ती वाक्यं जाणतात, भाषा कुठलीही असो. बाबांनी स्केचपेनने तक्ता काढून माझ्या फ्रिजला चिकटवला. पिवळाधमक बावटा म्हणजे जहाजावर सगळे निरोगी आहेत. निळी-पिवळी दोन अर्धी म्हणजे तुमच्याशी बोलायचं आहे. पिवळ्या-निळ्या उभ्या पट्ट्या म्हणजे वाटाड्या हवा. आमच्याकडे त्याचा अर्थ, मला बँकेत नाहीतर डॉक्टरकडे घेऊन चल. लालभडक म्हणजे धोकादायक माल भरलेला आहे. बाबा तो सुकट भाजण्याआधी चढवत, म्हणजे मी वेळेत माझ्या खिडक्या लावून घेईन. खिडक्या मी लावत नसे, वाटी घेऊन जात असे.

आणि एक पताका वेगळी. ती चौकोनी नाही, टोकाकडे निमुळती होत जाते, लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांची. ती म्हणजे उत्तर. समोरच्याचा बावटा दिसला की ती अर्ध्यापर्यंत चढवायची: तुझं निशाण दिसलं. अर्थ लागला की मग पार टोकापर्यंत: समजलं. तोवर समोरच्याने बावटा उतरवायचा नाही.

"दिसणं आणि समजणं एकच की," मी म्हटलं होतं.

"नाही," बाबा म्हणाले. "घाईने वर चढवणारा सिग्नलमन जहाज खडकावर घालतो."

माझ्याकडे बघून म्हणाले. मी कानाडोळा केला.

ते दिवस फार छान गेले. सकाळी आठला समोर पिवळा बावटा चढायचा. आठलाच, कारण नौदलात ध्वज आठला चढतो. मी हातातली पोळी तव्यावर टाकून गॅलरीत धावायचे, पताका अर्ध्यावर, मग टोकाला. तिकडून बाबा हात वर करायचे. माझा डबा त्यानंतर भरला जायचा आणि कामावर मी शीळ घालत जायचे, अक्षरशः. स्टोअरमधली मुलं म्हणायची, "मॅडम, आज मूड एकदम मस्त?" दुपारचं घड्याळ बघणंही कमी झालं. संध्याकाळी परत आल्यावर निळा-पिवळा दिसला, तर मी वर जायचे. नाही दिसला तर नाही. बापाची आणि माझी भेट कमी झाली आणि गोडी वाढली, हे कबूल करावंच लागेल.

मग दिवाळीनंतर बाबांनी पाय भाजून घेतला. बाथरूममध्ये गीझर होता, पण त्यांच्या मते तो वीज खाणारा राक्षस. पाणी ते गॅसवर तापवायचे आणि पातेलं उचलून बाथरूमपर्यंत न्यायचे. एक दिवस वाटेत तोल गेला. भाजलं फार नाही, पण आम्ही सगळे हादरलो. बंगळुराहून धाकट्या भावाचा फोन आला, "ताई, बस झालं आता. त्यांना तुझ्याकडे घेऊन ये. फ्लॅट भाड्याने देऊन टाकू." मला तेच हवं होतं. मी बाबांसमोर उभी राहिले आणि एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "तुम्ही. आमच्याकडे. राहायला. या."

बाबांनी नजर फिरवली.

मी त्यांच्या नजरेसमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी डोळे मिटले. म्हाताऱ्या माणसाने असा पोरकटपणा केला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मी घर डोक्यावर घेतलं, जे ऐकायला घरात कुणी नव्हतं, आणि निघून आले. आठवडाभर हेच चाललं. पालथ्या घड्यावर पाणी.

पाय बरा झाला आणि एका सकाळी आठला पिवळ्याऐवजी दुसराच बावटा चढला. पिवळा, निळा, पिवळा असे आडवे पट्टे. आमच्याकडे तो कधी वापरलाच नव्हता. मी फ्रिजकडे धावले. तक्त्यावर लिहिलं होतं: 'माझ्यापासून दूर राहा, मला वळणं अवघड जात आहे.'

माझे डोळे 'अवघड जात आहे'वर थांबले. पुढचं मागचं काही न बघता मी तशीच, गाऊनवर ओढणी टाकून, लिफ्टची वाट न बघता जिने उतरून, पार्किंग ओलांडून, तिकडे वर. वॉचमन "मॅडम, क्या हुआ?" म्हणत राहिला. चावीने दार उघडलं तर बाबा हॉलच्या मधोमध जमिनीवर बसलेले. भोवती दोराचं भेंडोळं, कात्री, डब्यातले खिळे.

"पडलात?" मी ओरडले.

"बावटा वाचता येतो का तुला?" ते म्हणाले.

"अवघड जातंय असं लिहिलंय!"

"पूर्ण वाच."

"पूर्ण काय वाचायचं? अवघड जातंय तर इकडे कशाला राहताय? आणि हा दोर काय मांडलाय?" माझे डोळे भरून आले होते आणि आवाज चढला होता. दोन्ही एकदम झालं की मला काही सुचत नाही. बाबांनी परत नजर फिरवली आणि दोर मोजायला लागले. मी पाय आपटत निघाले. रडवेली परत येताना वॉचमनने आणि पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी मला पाहिलं. त्याची किंमत पुढे कळली.

घरी आले आणि मीही एक बावटा चढवला. पांढऱ्यावर निळी फुली, उभी-आडवी. 'तुमचं जे चाललं आहे ते थांबवा आणि माझ्या निशाणांकडे लक्ष द्या.' नवरा चहा पीत तक्ता वाचत होता. म्हणाला, "हे तर तुझं बारमाही निशाण आहे. उतरवतेस कशाला मधे मधे?"

समोरून उत्तराची पताका चढली. अर्ध्यापर्यंत. आणि तिथेच थांबली.

दिसलं. समजलं नाही.

ठीक आहे, मी म्हटलं, बसा. मीही माझा बावटा उतरवला नाही. रात्रीचा डबा नवऱ्याच्या हाती पाठवला. तो येऊन म्हणाला, "बाबा मजेत आहेत, काहीतरी खटपट चालू आहे, मला दारातूनच परत पाठवलं." दुसऱ्या दिवशीही पताका अर्ध्यावर. मी कामावर गेले ती धुसफुसत.

आता, आमच्या सोसायटीतल्या लोकांना बावट्यांचं काही कळत नसलं, तरी एक गोष्ट टीव्ही बघून प्रत्येकाला माहीत आहे. झेंडा अर्ध्यावर आला की कुणीतरी गेलेलं असतं.

दुपारी, जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती, सेक्रेटरींचा फोन आला. आवाज खोल गेलेला. "ताई, हे काय झालं? तुम्ही कामावर कशा?"

"काय झालं?"

"अहो, बाबांचं... आम्ही सगळे वर जमलोय. बेल वाजवतोय, दार कुणी उघडत नाहीये. चावी तुमच्याकडे ना? या तुम्ही. धीर धरा."

त्यांना वाटत होतं मला माहीत आहे. मला वाटलं ते मला सांगतायत. मी फोन ठेवला, की पडला, आठवत नाही. रिक्षात बसले तेव्हा पर्स हातात नव्हती. बदलापूरचा रस्ता तोच रोजचा, पण त्या दिवशी प्रत्येक खड्ड्यात रिक्षा हळू होत होती आणि मला रिक्षावाल्याची मान धरून हलवावीशी वाटत होती. दुपार होती. परत दुपारच, आणि मी परत खोक्यांच्या मागे होते. माझ्या डोक्यात एवढंच फिरत होतं की शेवटचं मी त्यांच्याशी बोलले ते 'थांबवा' एवढंच. आणि त्यांनी सांगितलं होतं की समजलं नाही, तर मी साधं समजावायलाही गेले नाही.

सातव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं आणि मला हसण्याचा आवाज आला.

दार सताड उघडं. दाराशी चपलांचा ढीग. आत पांढऱ्या साड्या नेसलेल्या चार बायका, डोक्याला रुमाल बांधलेले तीन पुरुष, टीपॉयवर झेंडूचा हार आणि नारळ. आणि या सगळ्यांच्या मधे माझा बाप, बनियनवर, एका हातात चहाचा कप.

झालं होतं असं, की बेल त्यांना ऐकू येणं शक्यच नव्हतं. ते आपले बाथरूममध्ये हूक ठोकत होते. काम संपवून कचरा ठेवायला म्हणून त्यांनी दार उघडलं, तर समोर हा जमाव. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी किंकाळी फोडली आणि फुलं सांडली. बाबांना वाटलं, वर्गणी मागायला आलेत. ते म्हणाले, "यंदाची दिली मी." मग कुणीतरी हाताने गॅलरीकडे दाखवलं, अर्ध्यावरची पताका दाखवली, मान खाली घातली, आणि बाबांच्या लक्षात आलं. ते एवढे हसले म्हणे, की खुर्चीत बसावं लागलं. मग म्हणाले, "माझ्या मयताला आलात, निदान चहा घेऊन जा."

सेक्रेटरी मला बघून उठले. "ताई, सॉरी हां. तुम्ही काल सकाळी रडत जाताना वॉचमनने पाहिलं, झेंडा खाली, बेलला उत्तर नाही..." काकू म्हणाल्या, "पण बरंच झालं गं, आयुष्य वाढतं म्हणतात असं झालं की."

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते.  बाबा पुढचा चहा आणायला स्वयंपाकघरात निघाले आणि मी पहिल्यांदा नीट पाहिलं.

भिंतीला, कमरेच्या उंचीवर, एक जाड सुती दोर होता. पलंगाशी सुरू होऊन बाथरूमच्या दारापर्यंत, तिथून ओट्यापर्यंत, ओट्यापासून गॅलरीतल्या काठीपर्यंत. जागोजागी हूक, आणि हाताला लागेल अशा बेताने गाठी. बाबांचा डावा हात गाठीगाठीवरून सरकत होता, उजव्या हातात रिकामा कप. पुढची गाठ हाताला लागल्याशिवाय ते मागची सोडत नव्हते. हळू चालत होते, फार हळू, पण पाऊल एकही डळमळत नव्हतं. बाथरूममध्ये बसायला एक चौरंग ठेवलेला. आणि गीझरचा लाल दिवा लागलेला.

या माणसांच्या गर्दीत त्यांनी सहा वेळा चकरा मारल्या असतील. कुणाचा हात धरला नाही, कुणाच्या चहाचा थेंब सांडला नाही.

सगळे गेले. हार काकूंनी परत नेला, नारळ बाबांनी ठेवून घेतला. मी त्यांच्यासमोर बसले.

"वादळात डेकवर असा दोर बांधतात," ते म्हणाले. "दोन-तीन दिवस मला शांतपणे करू द्यायचं होतंस. सगळीकडे सामान पसरलेलं. तू आलीस की आधी ओरडणार, मग आवरणार. म्हणून सांगितलं होतं, दूर राहा."

"मला वाटलं मदत मागताय."

"त्याचा बावटा वेगळा आहे. पांढऱ्यावर लाल तिरकी फुली. मला मदत हवी आहे. तू शिवलायस तो. मी चढवलाय कधी?"

नव्हता चढवला.

"वळायला अवघड जातं म्हणजे वळता येत नाही असं नाही," बाबा म्हणाले. "जागा जास्त लागते, एवढंच."

मी मान हलवली. मग म्हटलं, "आणि माझा बावटा? तो तर सोपा होता. तुम्हाला समजला नाही?"

"शब्द समजले. अर्थ लागला नाही. तू मला थांबवायला निघालीस ते रागाने नव्हे, एवढं कळत होतं. मग कशाने? म्हणून अर्ध्यावर ठेवली." मग गॅलरीकडे बोट दाखवून म्हणाले, "अजून अर्ध्यावरच आहे."

मला सांगायचं होतं. आईबद्दल, दुपारबद्दल, आज रिक्षात काय झालं त्याबद्दल. पण ओठांवरून वाचता येईल इतकं सावकाश, एकेक शब्द सुटा करून, असलं काही बोलता येत नाही. मी नुसती रडले. बाबा नजर न फिरवता बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी आठला समोर पिवळा-निळा-पिवळा चढला. दूर राहा, वळणं अवघड जात आहे. मी माझा निळ्या फुलीचा बावटा आधी उतरवला. मग उत्तराची पताका अर्ध्यावर नेली, फ्रिजपाशी जाऊन ते वाक्य पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचलं, परत आले आणि दोरी ओढली. पार टोकाला. भावाला फोन करून सांगितलं की फ्लॅट भाड्याने द्यायचा नाही. तो म्हणाला, "ताई, तूच म्हणत होतीस ना?" मी म्हटलं, "म्हणत होते. आता नाही म्हणत."

नंतरच्या रविवारी नवरा बाहेर गेला होता. दुपारी जेवणं झाली, भांडी झाली आणि माझं घड्याळ बघणं सुरू झालं. समोर गॅलरीत पिवळा बावटा होता, सगळं ठीक होतं, तरी सुरू झालं. मी बराच वेळ इकडे तिकडे केलं. मग कपाट उघडलं आणि पांढऱ्यावर लाल तिरक्या फुलीचा बावटा काढला. घडी मोडली नव्हती त्याची. चढवला आणि लगेच वाटलं, हा काय वेडेपणा, उतरवावा.

पण समोर पताका चढली होती. अर्ध्यावर. आणि मग, मी दोरीला हात लावायच्या आत, टोकाला.

थोड्या वेळाने बाबा खाली पार्किंगमध्ये दिसले. पांढरा शर्ट, कॅनव्हासचे बूट. एका गाडीच्या बॉनेटला हात लावत, मग दुसऱ्या, मग बागेच्या रेलिंगला. मधे थांबायचे, श्वास घ्यायचे, पुढचा आधार हाताला लागला की मागचा सोडायचे. वॉचमन उठून पुढे आला, त्याला त्यांनी हातानेच बस म्हणून सांगितलं. माझे पाय जिन्याकडे निघाले होते. मी गॅलरीचा कठडा घट्ट धरला आणि जागेवर उभी राहिले. नंतर आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.

दार मी उघडं ठेवलं होतं. बाबा आले, खुर्चीत बसले, बूट काढले. मग शर्टाच्या खिशातून सुपारीची डबी काढली, ती उघडून मशीन कानात घातलं, बटण फिरवलं, कालव्याने जरा तोंड वाकडं केलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बोल."